शंभर व्होल्टचा जीव

मी एक कुकर बोलतोय. शिट्टीचा नव्हे, तो गैरसमज आधीच दूर केलेला बरा. शिट्ट्या मारून सगळं घर डोक्यावर घेणाऱ्यांतला मी नाही. मी जपानी, विजेवर चालणारा, भाताचा छोटा कुकर. अंगाने इतका लहान की दोन माणसांचा भात म्हणजे माझ्यासाठी पंगतच. मला एकच बटण आहे. ते खाली दाबायचं आणि वाट बघायची. भात झाला की बटण आपणहून वर येतं आणि 'टक' असा आवाज होतो. आयुष्यभर मी एवढंच बोललो. आज जास्त बोलतोय, कारण उद्या सकाळनंतर बोलायला मिळेल असं दिसत नाही.

माझा जन्म कारखान्यातला, आणि त्यात सांगण्यासारखं काही नाही. पट्ट्यावरून सरकताना पुढेमागे माझ्यासारखेच शेकडो होते आणि प्रत्येकाला आपण जरा वेगळे आहोत असं वाटत होतं. मला विचाराल तर मी खरा जन्मलो नागोयातल्या एका दुकानात, नीलिमाने मला फळीवरून उचललं तेव्हा. मी तिला नीलिमाच म्हणतो. इतकी वर्षं एका ओट्यावर काढल्यावर ताई-बाई कुठली?

ती तेव्हा फलटणहून नुकतीच आली होती. नवरा मोहन मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर, आणि कडेवर पूर्वी, जेमतेम दोन दात आलेली. मोहनचं म्हणणं, घ्यायचा तर एकदाच मोठा घेऊ. नीलिमा म्हणाली की पोरीला मूठभर मऊ भात लागतो, मोठ्या कुकरात तो तळाला चिकटून बसेल. दुकानदार हातवारे करून माझे गुण सांगत होता. नीलिमाला त्यातलं अक्षर कळलं नाही, तरी ती मान डोलवत राहिली आणि मी घरी आलो.

मग माझे सोन्याचे दिवस सुरू झाले. तांदूळ, चिमूटभर मुगाची डाळ, हिंग, हळद, वरून तूप. जपानी तांदूळ मुळातच एकमेकांना धरून राहणारे. फलटणला असल्या भाताला गिच्च गोळा म्हणून नावं ठेवली असती, पण पूर्वीला तोच आवडला. मी ओट्यावर चढलो की ती रांगत यायची, पुढे पुढे चालत यायची आणि माझ्यासमोर बसून राहायची. टक झालं की टाळ्या. "आई, टक!" हे तिच्या सगळ्यात आधीच्या बोलण्यांपैकी एक. मला त्याचा गर्व झाला होता, कशाला लपवू? आईबापांनाही नसेल इतका.

पोर पाळणाघरात जायला लागली आणि घरात जपानी शिरलं. आधी ती बाहुल्यांशी जपानीत बोलायची, मग भांडताना, मग आईशीसुद्धा. नीलिमा मराठीत विचारायची, उत्तर जपानीत यायचं. नीलिमाही शिकली. स्टेशनावरच्या घोषणा, शाळेतल्या पालकसभा, कुठला कचरा कुठल्या पिशवीत, असं करत करत शिकली. पुढे एका पाळणाघराच्या स्वयंपाकघरात तिला पार्टटाइम काम मिळालं. दुसऱ्यांच्या पोरांना ती मिसोचं सूप आणि भात वाढायची आणि घरी येऊन पूर्वीला विचारायची, आज काय करू? पूर्वी म्हणायची, काहीही. मराठीत नव्हे.

याच सुमारास मोठा कुकर आला. तो गातो. भात झाला की बाईच्या आवाजात, अतिशय नम्रपणे, कृपया भात हलवून घ्यावा असं सांगतो. एवढी नम्रता मला जन्मात जमली नसती. मला भिंतीतल्या कपाटात ठेवलं, गणपतीच्या मखराशेजारी. मखराला वर्षातून एकदा तरी बाहेर काढत. मी आतून ऐकत राहिलो. दार पातळ होतं. घरातली भांडणं, परीक्षा, ताप, सगळं मला कळायचं. भाताचा वास यायचा तेव्हा मात्र ऐकूच आलं नसतं तर बरं असं वाटायचं.

पूर्वी इंजिनिअरिंग शिकायला लांब उत्तरेत, सेंदाईला निघाली. नीलिमाने मला काढलं, पुसलं, वायर नीट गुंडाळली आणि तिच्या खोक्यात स्वेटरांच्या मध्ये बसवलं. मी इतका खूश झालो होतो की विचारू नका. पूर्वीने खोकं उघडलं, मला पाहिलं आणि म्हणाली, "इरानाई." नको. रागाने नव्हे. तिने मला दोन्ही हातांनी उचलून परत कपाटात ठेवलं, दारही हळूच लावलं. त्या हळूच लावण्याचंच मला जास्त लागलं. नीलिमा चिकटपट्टी हातात धरून तशीच उभी होती.

सेंदाईहून मग फोन कमी आणि चित्रं जास्त येऊ लागली. मान डोलवणारा ससा म्हणजे हो. झोपलेला ससा म्हणजे दमले, नंतर बोलते. नीलिमा मोठे मोठे निरोप लिहायची आणि पलीकडून ससा यायचा.

मोहन ऑफिसच्या लोकांबरोबर एकदा मकावला जाऊन आला होता. तिथले फोटो त्याने दाखवले. सोन्यासारखी चमकणारी हॉटेलं, जुगाराचे महाल आणि एका इमारतीच्या आत चक्क कालवा, त्यात नाव आणि वर छतावर रंगवलेलं आकाश. तिथे म्हणे कायम संध्याकाळच असते. मोहन म्हणाला, बघण्यासारखं काही नाही, सगळं खोटं. नीलिमाने तो फोटो स्वतःकडे मागून घेतला आणि पूर्वीला पाठवला. आपण दोघीच जाऊ या का, असं खाली लिहिलं. या वेळी ससा आला नाही. अक्षरं आली, की येते. नीलिमाने ते मोहनला मोठ्याने वाचून दाखवलं आणि मग कपाटाजवळ उभी राहून स्वतःशीच परत वाचलं, म्हणून मला माहीत.

तिला मकाव नको होतं. जुगार म्हणजे तिला रमीसुद्धा चालत नाही. तिला पूर्वी हवी होती. थोडे दिवस, एक खोली, समोरासमोर दोन खुर्च्या आणि मध्ये ससा नाही, एवढीच तिची मागणी होती.

तिने सगळ्यात स्वस्तातली तिकिटं काढली, परत न होणारी. जुन्या वस्तीतली स्वस्त खोली पाहिली. आणि मग तिला माझी आठवण झाली. तिने मला कपाटातून काढलं, ओट्यावर ठेवलं आणि त्याच आनंदात पूर्वीला फोन लावला. आपला छोटा कुकर नेऊ, म्हणाली, तांदूळ, डाळ, मेतकूट सगळं घेते. तिकडे आपल्याला चालेल असं काही मिळत नाही आणि मिळालं तरी केवढ्याला. आपल्या माणसांना हे नवीन नाही. जगाच्या पाठीवर कुठेही जातील, पण हॉटेलच्या खोलीत चोरून खिचडी शिजवल्याशिवाय त्यांना प्रवासाला आल्यासारखं वाटत नाही.

मग पूर्वी म्हणाली, "आई, तिथेही तू भातच करणार? मग जायचं कशाला?"

नीलिमा पोट बिघडण्याबद्दल काहीतरी बोलली. पैशांबद्दलही बोलली. पूर्वीचा आवाज चढला नाही. ती म्हणाली, "मग तू कुकरबरोबरच जा."

इतकं स्वच्छ मराठी ती कितीतरी महिन्यांत बोलली नव्हती. दुसऱ्या दिवशी निरोप आला की तिच्या पार्टटाइम कामाची पाळी बदलून मिळत नाहीये, सॉरी. खाली वाकून माफी मागणारा ससा. मोहन म्हणाला, राहू दे, तिकिटांचं नुकसान सोसू. नीलिमा म्हणाली, मी जाणार. आणि खरोखरच ती कुकरबरोबर गेली.

पाठीवरच्या सॅकमध्ये तिच्या चार कपड्यांत गुंडाळलेला मी. स्वस्त विमान हाँगकाँगपर्यंत, तिथून समुद्रावरच्या लांबच लांब पुलावरून बस. मकावला उतरल्यावर तिला एक गंमत कळली. जुगाराची मोठी हॉटेलं गिऱ्हाइकांसाठी फुकट बस सोडतात आणि चढणाऱ्याला जुगार खेळणार का, असं कुणी विचारत नाही. नीलिमा खिडकीशी बसली. बाहेर एकेक इमारत पेटल्यासारखी झगमगत होती. सॅकची चेन थोडी उघडी होती म्हणून मलाही दिसलं. एका वळणावर ती शेजारच्या सीटकडे वळून "ते बघ" असं म्हणाली. शेजारच्या सीटवर मी होतो.

खोलीला खिडकी नव्हती. तिने तांदूळ धुतले, डाळ घातली, हिंग-हळद घातली. भिंतीतल्या चौकोनी भोकांत बसेल असा जोड तिने नागोयातच घेऊन ठेवला होता. त्यात माझी पिन बरोब्बर बसली. आता थोड्याच वेळात आपला वास या खोलीभर जाईल, या कल्पनेने मी मोहरून गेलो. तिने बटण दाबलं.

काय सांगू तुम्हाला! अंगात कधी नव्हती एवढी ताकद आली. कपाटातली सगळी वर्षं एका क्षणात भरून निघतील असं वाटलं. तळ तापला, पाणी हललं, आणि मग आत काहीतरी तुटलं. करपल्याचा वास आला, भाताचा नाही, माझाच. टक झालंच नाही. नीलिमाने धावत येऊन पिन ओढली. झाकण उघडून पाहिलं तर कोमट पाण्यात तांदूळ तसेच होते. तिने माझ्या झाकणावर तळवा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. त्या संध्याकाळी ती चिवडा खाऊन झोपली. कुणालाही फोन केला नाही.

सकाळी तिने मला कापडी पिशवीत घालून बाहेर काढलं. जुन्या गल्लीत पंखे, इस्त्र्या दुरुस्त करणारं एक दुकान तिला सापडलं. तिथल्या म्हाताऱ्याने मला पाहिलं, मान हलवली आणि जपून परत केलं. बाहेरच्या बाकावर बसून तिने मला पहिल्यांदाच उलटं केलं. भांड्याच्या बुडाखाली काय लिहिलंय ते कोण वाचतं? माझ्या बुडाखाली ठसठशीत जपानी अक्षरं होती: शंभर व्होल्ट, फक्त जपानमध्ये वापरण्यासाठी. विकत घेताना तिला ती वाचता आली नव्हती. आता एका नजरेत वाचता आली. मकावच्या भिंतीतून दोनशेवीस येत होते. तिने मला पुन्हा पिशवीत घातलं. मग समोर आलेल्या फुकट बसमध्ये चढली.

बसने आम्हाला त्या फोटोतल्या हॉटेलात आणून सोडलं. आकाशाकडे जाणारी वाट जुगाराच्या दालनाच्या कडेनेच होती. ओळीने यंत्रं आणि प्रत्येकासमोर एक माणूस. बटण दाबायचं आणि वाट बघायची, हे मला फारच ओळखीचं वाटलं. फरक एवढाच की माझ्याकडून भात तरी मिळायचा.

छतावरचं आकाश खरंच तिथे होतं. निळं, कडेला गुलाबी, ढग जागच्या जागी. कालव्यात नाव होती आणि नावाडी गात होता. नीलिमाने वर पाहिलं, फोटो काढला नाही. पुढे खाण्याच्या गाड्यांसारखी दुकानं ओळीने होती आणि मध्ये टेबलं. तिने त्यांना एक फेरी मारली, मग आणखी एक. तिला भूक लागली होती, पण बसवेना. इतकी वर्षं जपानात, जिथे अर्धा देश एकटा बसून जेवतो, तिथे राहून नीलिमा बाहेर एकटी कधी जेवली नव्हती. समोर कुणाला वाढायचं नसेल तर आपण का बसायचं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. शेवटी तिने एक टेबल धरलं, मला समोरच्या खुर्चीत ठेवलं आणि सेंदाईला फोन लावला.

पूर्वीने विचारलं, पोचलीस का नीट.

"कुकर जळाला," नीलिमा म्हणाली.

कुठला, असं पूर्वीने जपानीत विचारलं.

"छोटा. तुझा."

मग पूर्वीने व्होल्टेजचं विचारलं. नीलिमाने सगळं सांगितलं, फोनचा चार्जर व्यवस्थित चालला म्हणून कुकरही चालेल असं वाटलं, हेही.

"पण आई, फलटणलाही दोनशेवीसच आहे ना? तुला तर माहीत पाहिजे."

"माहीत आहे गं. लक्षातच आलं नाही. मला वाटलं सगळीकडे आपल्यासारखंच असेल."

"आपल्यासारखं म्हणजे?"

नीलिमाने तोंड उघडलं आणि ती थांबली. मग हळूच म्हणाली, "नागोयासारखं."

मला वाटलं आता पोरगी हसणार. ती हसली नाही. म्हणाली, "मी तिकडची, फलटणची उरले नाही म्हणून तू रडतेस. मी ऐकलंय, बाबांशी बोलताना. तूही नाही उरलीस, आई. मग मला एकटीला का बोलतेस?"

नीलिमा रडायला लागली, भर टेबलांच्या मध्ये. या घरात रडणं नेहमी कपाटाजवळ व्हायचं. एवढ्या उजेडात मी ते पहिल्यांदा पाहिलं. बोलत नाही गं, असं ती म्हणत राहिली, मला नुसतं तुझ्यासमोर बसून जेवायचं होतं.

पूर्वीचा आवाज पुन्हा आला तेव्हा बदललेला होता. जेवलीस का, तिने विचारलं. चिवड्याचं कळल्यावर जरा रागावली. मग म्हणाली, फोन फिरव, मला पाट्या दाखव. पाट्यांवरची चिनी अक्षरं जपानीतही असतात, ती तिला नीलिमापेक्षा पुष्कळ जास्त लागत होती. हे टोफू आहे, हे नको, यात डुक्कर आहे, त्याच्या खालचं माग, भाज्या आणि नूडल्स, मांस नको हे अक्षर त्यांना दाखव. नीलिमा आपल्या मुलीच्या डोळ्यांनी वाचत दुकानाच्या खिडकीपर्यंत गेली आणि ताट घेऊन परत आली.

फोन उभा राहीना. तेव्हा तिने मला खुर्चीवरून उचलून टेबलावर घेतलं आणि फोन माझ्या पोटाला टेकवला. पलीकडे पूर्वीने कोंबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातून आणलेला भाताचा त्रिकोणी गोळा उघडला. कागदाचा चुरचुर आवाज माझ्या अंगातून गेला. दोघी जेवायला लागल्या. फार बोलल्या नाहीत. तिखट आहे का? नाही, मिळमिळीत आहे. माझापण. एवढंच. ज्याला आता काहीही शिजवता येणार नव्हतं, त्या माझ्या अंगाला टेकून त्या जेवत होत्या. मला पुन्हा चालू झाल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग पूर्वीला पाळीवर जायचं होतं. पडदा काळा झाला. नीलिमाने उरलेलं ताट एकटीने, न उठता, सावकाश संपवलं.

त्या एका जेवणाने पूर्वी परत मिळाली असं मी म्हणणार नाही. ससे अजून येतात. मधूनमधून जेवताना फोन येतो, कधी पंधरा दिवस येत नाही. मोहनने सगळं ऐकलं आणि बंद कुकर परत कशाला ओढत आणलास, असं विचारलं. नीलिमाने मला ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलं. कपाटात नाही. गाणारा मोठा कुकर शेजारी. तोही बिचारा वाईट नाही.

नव्या वर्षाच्या सुट्टीत पूर्वी घरी आली. मऊ भात कर, म्हणाली. मराठीत. मोठ्या कुकरने आपली सगळी विद्या पणाला लावली, गाणं म्हटलं, नम्रपणे सांगितलं. पूर्वीने दोनदा मागून घेतला आणि चांगला झालाय म्हणाली, पण तिचं लक्ष माझ्याकडे होतं. निघायच्या सकाळी ती ओट्याशी आली. माझं झाकण काढलं आणि आतलं भांडं उचललं. त्याला काही झालेलं नव्हतं, जळालो होतो तो मी, बाहेरचा. तिने ते स्वेटरमध्ये गुंडाळून बॅगेत घातलं. शेगडीवर करून बघेन, म्हणाली, पाणी किती ते फोनवर सांग. बाकीचा टाकून दे, आई.

नीलिमाने हो म्हटलं आणि दोन महिने टाकला नाही. आज मात्र तिने मला ओल्या फडक्याने पुसलं, वायर गुंडाळली आणि पारदर्शक पिशवीत घालून दाराशी ठेवलं. उद्या न जळणाऱ्या कचऱ्याचा दिवस. जळून गेलेल्याला न जळणारा म्हणतात, या लोकांच्या शिस्तीपुढे काय बोलणार! ती रडली नाही. गाडी आठला येते म्हणून तिने गजर लावलाय.

पोटात भांडं नसलं की कुकर म्हणजे नुसतं टरफल. आता मला भूकही लागू नये, पण लागते. सेंदाईला बर्फ असेल. पोरगी कामावरून गारठून येत असेल, पायमोजे न काढता ओट्याशी उभी राहत असेल. तिच्या खोलीतली शेगडी मी पाहिलेली नाही, आता पाहणारही नाही. पण त्या शेगडीचं आणि माझं भांडं आता एकच आहे, म्हणजे ती माझी नात्यातलीच झाली. बाई गं, तुला एवढंच सांगणं आहे. आच मंद ठेव. भांडं पातळ आहे, पोर घाईची आहे, आणि आई लांब आहे.